कबरी समोरच्या पिल्लाला शोधत होती

सोमवार, बोरी अरब

बोरी अरबच्या स्टँडवर मी तांड्याचा रस्ता तिघांना विचारला. तिघांनीही रस्ता सांगण्याआधी काम विचारले. शेळ्या पाहायच्या आहेत, असे मी सांगितले. पहिला म्हणाला, आज बाजार नाही. दुसऱ्याच्या मते चांगली शेळी हवी असेल तर नेरला जायला हवे. तिसरे गृहस्थ विहिरीवरच्या पंपाची मोटर दुरुस्तीला टाकून मोटारसायकलवरून गावाकडे निघाले होते. त्यांनी मला मागे बसवले आणि गाडी चालू झाल्यावर चौकशी पुढे नेली.

"कुठून आले म्हनता?"

"पुण्याहून."

"अन बकऱ्या पाह्याले? काहून जी, तिकडच्या सरल्या काय?"

मी खरे कारण सांगितले. कळपातली शेळी नेमके आपलेच पिल्लू कसे ओळखते, हे शोधणारी एक संशोधक तांड्यात आली आहे आणि तिचे काम पाहून मला वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचे आहे. ते मान अर्धी मागे वळवून म्हणाले, "वासावरून वळखते, भाऊ. फोन केला असता तर मीच सांगतलं असतं."

फेब्रुवारी संपत आला होता. शेवटची वेचणी झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाबांधावर पडले होते आणि त्यांना चिकटून राहिलेला कापूस वाऱ्याने हलत होता. तूर निघाली होती. विहिरीजवळच्या तुकड्यांत गहू आणि हरभरा, बाकी सगळीकडे तपकिरी रंग. टेकडीवरचा साग पूर्ण उघडा होता. पळसाला एकही पान नव्हते, पण कळ्या फुटू लागल्या होत्या. मोटारसायकलवाल्या गृहस्थांनी मला मुरमाच्या रस्त्याच्या तोंडाशी उतरवले आणि जाताना सांगितले की तांड्यातला चहा बकरीच्या दुधाचा असतो, नाही म्हणू नका.

तांडा म्हणजे एका लांब ओळीत उभी असलेली घरे, शेवटी सेवालाल महाराजांचे देऊळ, त्यावर पांढरा झेंडा. ही गोर बंजारा कुटुंबे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत. आता इथेच शेती करतात. बाहेरच्याशी वऱ्हाडी बोलतात, घरात गोर बोली. त्या संशोधक मुलीचे, वैशालीचे, घर ओळीत दुसरे.

वैशाली दक्षिणेकडच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत काम करते. प्राणी जे करतो ते त्याच्या मज्जातंतूंतून कसे तयार होते, हा तिचा विषय. तिथे ती उंदरांच्या मेंदूतले संकेत मोजते. मग शेळ्यांकडे का आली, हे मी फोनवर विचारले होते आणि समोर पुन्हा विचारले. "सर, पिंजऱ्यात प्राणी जे करतो, त्यात अर्धे उत्तर पिंजऱ्याचे असते," ती म्हणाली. "मला पिंजरा नसताना काय होते ते पाहायचे होते. आणि कळप घरचाच होता." तांड्यात ती मोठ्या मुक्कामासाठी कित्येक वर्षांनी आली होती. पाचवीत वसतिगृहात गेली, त्यानंतर सुट्यांपुरती, पुढे तेवढीही नाही. आईशी दर रविवारी फोन होत असे.

आई धुरपताबाई. गोर बोलीत आईला याडी म्हणतात आणि वैशाली तिच्याशी बोलताना दर वाक्यात ते एकदा म्हणते. धुरपताबाईंचे वय साठीच्या आसपास असावे. त्यांनी मला खाट दिली, चहा दिला आणि मुलीच्या कामाविषयी त्यांचे मत लगेच दिले.

"एवढी शिकली अन बकऱ्याइचं डोकं पाहून राह्यली. म्हतलं, कधी मायच्या डोक्यात बी पाह्य काय चालू हाय ते."

"याडीच्या डोक्याला परवानगी लागते," वैशाली म्हणाली. "शेळ्या सही मागत नाहीत."

मी ज्यासाठी आलो होतो ते त्याच संध्याकाळी पाहायला मिळाले. लहान पिल्ले दिवसभर टेकडीवर चालू शकत नाहीत, म्हणून ती घरी राहतात. त्यांच्यासाठी अंगणाच्या कडेला तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड केलेला असतो, कमरेएवढा उंच. आया सकाळी दूध पाजून चरायला जातात आणि दिवस मावळताना येतात. कळप हिरामणकाका चारतात. वैशालीचे वडील आता नाहीत, काका त्यांचे धाकटे भाऊ.

कळप दिसायच्या आधी कुडातल्या पिल्लांना तो कळला. एकाने मान वर केली, मग सगळी ओरडू लागली. नाल्याच्या वळणावर धूळ उठली. तोपर्यंत चालत आलेल्या शेळ्यांपैकी काही, फक्त आया, पळू लागल्या. त्या ओरडत होत्या आणि पिल्ले ओरडत होती. धुरपताबाईंनी कुडाचे फाटक उघडले आणि पुढे काय झाले ते धुळीमुळे नीट दिसले नाही. पिल्लू एखाद्या शेळीखाली घुसे, ती त्याचे शेपूट हुंगे, शिंगाने बाजूला करी. ते दुसरीकडे जाई. आणि मग एकेक आवाज बंद होत गेला. माझ्या घड्याळात दीड मिनिट झाले होते. पंधरा पिल्ले आपापल्या आईखाली होती, सगळ्यांची शेपटे हलत होती आणि अंगणात चोखण्याखेरीज आवाज नव्हता.

साताऱ्याकडच्या आमच्या गावात शेळ्या होत्या. हे तिथेही रोज होत असणार. मी कधी उभे राहून पाहिले नव्हते.

रात्रीच्या जेवणात धुरपताबाईंनी बाटी वाढते म्हटले आणि ज्वारीची भाकर वाढली. इथे भाकरीलाच बाटी म्हणतात. सोबत तुरीची डाळ आणि लाल मिरचीचा ठेचा. जेवताना वैशालीने कळपात घडते ते मला सोपे करून सांगितले. शेळी विते तेव्हा पिल्लू बाहेर येताना जो ताण बसतो त्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूत पोचते. मेंदू काही रसायने सोडतो आणि त्यामुळे वास ओळखणारा भाग थोडा वेळ, फार तर तास-दोन तास, नवे शिकायला तयार होतो. त्या वेळात नाकाशी जे पिल्लू असेल त्याचा वास आपला ठरतो. मग ते दार मिटते. पिल्लाचा आवाज ती त्यानंतरच्या काही दिवसांत शिकते. दूर असताना कान, जवळ आल्यावर नाक. कानाने फक्त हाक ओळखायची. दूध कोणाला द्यायचे, ते नाक ठरवते.

"आणि दोघांचे पटले नाही तर?" मी विचारले.

"तेच मला पाहायचे आहे," ती म्हणाली. ती तेव्हा फक्त पिल्लाचा टिपलेला आवाज कर्ण्यातून आईला ऐकवायच्या प्रयोगाविषयी बोलत होती.

मंगळवार, तांडा

कबरी ही कळपातली पांढरी-तांबडी ठिपक्यांची शेळी. तिला पाच दिवसांपूर्वी जुळे झाले होते, एक पाठ, म्हणजे मादी पिल्लू, आणि एक बोकड. वैशालीने बोकडाचा आवाज आधी टिपून ठेवला होता. सकाळी तिने हाताच्या पंजाएवढा कर्णा पऱ्हाट्यांच्या ढिगाआड ठेवला, पिल्ले कुडात झाकली आणि कबरीला सोडले.

कर्ण्यातून पिल्लू ओरडले. कबरीने उत्तर दिले आणि सरळ ढिगाकडे गेली. तिने कर्णा पुढून हुंगला, मागून हुंगला. मग एक पाऊल मागे घेऊन त्याला शिंग मारले. तो उलटा पडला आणि पडल्या पडल्या पुन्हा ओरडला. कबरीने मान वर केली आणि चारी दिशांना हाका मारू लागली.

धुरपताबाई दारात हसून हसून खाली बसल्या. "डब्यात लेकरू घातलं पोट्टीनं. माय कुठून वळखन त्याले," त्या म्हणाल्या. वैशालीने वेळ, दिशा आणि शिंग मारल्याची नोंद केली. नंतर तिने आपणहून सांगितले की हा प्रयोग तिला फारसा आवडत नाही, दिवसातून एकदाच करते.

त्या दिवशीचे खरे काम दुसरे होते. आई-पिल्लाच्या हाका जवळून टिपायला पिल्लाच्या गळ्यात चिंचोक्याएवढे यंत्र बांधायचे होते. यंत्राबरोबर आलेला प्लॅस्टिकचा पट्टा बोकडाच्या मानेला घासत होता. वैशालीने आईकडे मऊ कापडाची एक पट्टी मागितली.

दुपारी धुरपताबाई उंबऱ्याशी शिवत बसल्या. पट्टी साधी नव्हती. गर्द लाल कापड, त्यावर पिवळ्या आणि हिरव्या दोऱ्यांचे काम, मध्ये बोटाच्या नखाएवढ्या दोन काचा. मी कुठले कापड म्हणून विचारले. त्यांच्या फेटियाचे, म्हणजे लग्नात आईने दिलेल्या घागऱ्याचे. वीसेक वर्षांपासून तो पेटीत होता. आता तांड्यात म्हाताऱ्यांखेरीज कोणी घालत नाही, त्याही साडी नेसू लागल्या. वैशाली म्हणाली, याडी, कशाला, जुन्या ओढणीचे चालले असते. धुरपताबाईंनी दोरा दाताने तोडला.

"तुह्या कामाले ओढनीचं चिंधुक लावू काय?"

पट्टा छान झाला होता. बोकडाला बांधल्यावर तो मान ताठ करून कुडात हिंडला. त्या दिवशी फक्त सवय करायची होती, म्हणून संध्याकाळी आईकडे सोडताना वैशालीने पट्टा काढून ठेवला, दूध पिऊन झाल्यावर परत बांधला. पिल्लू तो घालूनच झोपले. हिरामणकाकांनी जाता जाता शेरा मारला, की बैलांच्या तांड्यात म्होरक्या बैलाला असाच सजवीत, त्याच्या घंटेच्या मागे बाकीचे चालत. या बोकडाच्या मागे कोण चालणार?

बुधवार, तांडा

सकाळचे दूध पाजायला फाटक उघडले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. कबरीची पाठ डाव्या आचळाला लागली. बोकड उजवीकडून गेला. कबरीने मान वळवून त्याला हुंगले आणि शिंगाने उडवले. तो उठून परत गेला. दुसऱ्या वेळी तो तीन-चार हात लांब पडला.

तो ओरडला. कबरीने लगेच उत्तर दिले आणि त्याच्याकडे आली. जवळ आल्यावर हुंगले, पुन्हा शिंग. मग ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत हाका मारू लागली. तो तिच्या पायाशी उभा राहून उत्तर देत होता. ती उत्तर ऐकून आणखी हाका मारत होती, टेकडीच्या दिशेला, नाल्याच्या दिशेला, रिकाम्या कुडात तोंड घालून. हे अकरा मिनिटे चालले. मी इतका वेळ लिहून घेत होतो, मग थांबलो.

वैशालीने पिल्लाला उचलले, पट्टा सोडला आणि नाकाशी नेला. मी जवळ होतो. मलाही वास आला. पेटीत कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या डांबराच्या गोळ्यांचा. कापडात तो वीस वर्षे मुरला होता आणि रात्रभर पिल्लाच्या केसांत उतरला होता. मी तोंड उघडले तेव्हा वैशालीने माझ्याकडे पाहून मान हलवली. पट्टा खिशात घातला आणि आईला सांगितले की यंत्र गरम झाले असावे, त्याचा वास लागला.

धुरपताबाई पिल्लू हातात घेऊन आत गेल्या.

कबरीला त्या दिवशी चरायला पाठवले नाही. काका बाकीचा कळप घेऊन गेले. आई आणि पिल्लू एकमेकांपासून पाच-सहा हातांवर बांधलेले होते आणि दिवसभर एकमेकांना हाका मारत होते. तांड्यातल्या बायका येऊन पाहून गेल्या. असे पूर्वी कधी झाले आहे का, असे मी दोघींना विचारले. आई मेलेले पिल्लू दुसरीला लावताना होते, असे दोघींनीही सांगितले. जित्या आईने आपलेच जिते पिल्लू असे झिडकारलेले त्यांनी पाहिले नव्हते.

पिल्लाचे काय होणार, हे मला दुपारपर्यंत नीट कळले. सहा दिवसांच्या पिल्लाला गवत चालत नाही. उपाशी ते एखादा दिवस काढील. बोळ्याने पाजलेली पिल्ले या घरात यापूर्वी हगवणीने गेली होती. तरीही धुरपताबाईंनी कबरीचे दूध काढले, कापसाचा बोळा बुडवून त्याच्या तोंडात पिळला. त्यातले बरेच त्याच्या छातीवर सांडले. मग त्यांनी कबरीचे कान धरले आणि वैशालीने पिल्लू आचळाला लावले. कबरी सरळ खाली बसली, चारी पाय पोटाखाली घेऊन. दोनदा उठवली, दोनदा बसली.

"मारून मारून किती मारशीन," धुरपताबाई शेळीला म्हणाल्या. "तुहंच हाय ते."

संध्याकाळी कळप येण्याच्या वेळी मी आणि वैशाली नाल्यापर्यंत चालत गेलो. पळसाच्या एका फांदीवर फुले आली होती. ती म्हणाली की शास्त्र म्हणून हे तिला हवे तेच घडले आहे. कान म्हणतो माझे, नाक म्हणते नाही, आणि नाक जिंकते. असे मुद्दाम करायची परवानगी तिने मागितली नसती आणि कोणी दिलीही नसती. सगळे टिपले गेले आहे. "आणि मला ते ऐकवत नाही," ती म्हणाली. आईला खरे का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, माझे काम काय आहे ते तिला मी कधी समजावले नाही. फोनवर, जेवलीस का, झोपलीस का, एवढेच. आल्यापासून पहिल्यांदा तिने त्या कामात हात घातला. स्वतःचा फेटिया कापून. तिला काय सांगू, तुझ्या पट्ट्यामुळे पिल्लू मरते आहे?"

मागून कबरीच्या हाका इथवर येत होत्या. समोरून कळपाच्या येऊ लागल्या.

गुरुवार, तांडा

माझे परतीचे ठरले होते. मी एक दिवस वाढवला.

सकाळी उठलो तेव्हा धुरपताबाई कुडात बसल्या होत्या. बोकड मांडीवर होता. रात्रीपासून तो कमी ओरडत होता आणि हे चांगले लक्षण नव्हते. वैशाली बाजूला उकिडवी बसली होती. तिने कोमट पाण्याने धुवायचे सुचवले. धुरपताबाईंनी सांगितले की पाण्याने गोळीचा वास जाईल, तसा पिल्लाचा स्वतःचा होता तोही जाईल, मग हुंगायला काही उरणार नाही. हे त्यांनी इतक्या सहज म्हटले की त्यातला गोळी हा शब्द आम्हा दोघांच्या उशिरा लक्षात आला.

"याडी, तुला ठाऊक होते?"

"पेटी माही हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "नाक बी माहंच हाय. तू यंतर गरम झालं म्हनली. मंग मी कायले बोलू."

पुढे त्या गोर बोलीत बोलल्या, थोडेच आणि रागावून नव्हे. वैशालीने मान खाली घातली. काय म्हणाल्या ते मी नंतर विचारले नाही.

मग काम सुरू झाले. पाठ ज्या पोत्यावर झोपायची ते पोते धुरपताबाईंनी आणले आणि बोकडाला त्यात गुंडाळून उन्हात ठेवले. वास उडायचा तो उडू दे आणि लागायचा तो लागू दे. दर थोड्या वेळाने पोते उलगडून त्या कबरीचे दूध त्याच्या पाठीवर, मानेवर आणि मुख्यतः शेपटीच्या बुडाशी चोळत, कारण शेळी तिथे हुंगते. दुपारी त्याच्या बहिणीलाही त्याच पोत्यात घातली. दोन्ही पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडून झोपली. बोळ्याने दूध चालू होते. आज त्याने सांडले त्यापेक्षा जास्त गिळले. वैशालीने सांगितले की आईचे दूध पोटात गेल्यावर पिल्लाच्या अंगाला आणि लेंड्यांना त्या दुधाचा वास येतो, तोही उपयोगी पडतो. धुरपताबाईंनी हे ऐकून घेतले. हे मुलीने पुस्तकात वाचले असेल तर पुस्तक बरे आहे, असे त्या म्हणाल्या.

संध्याकाळी कान धरून उभे केल्यावर कबरी बसली नाही. पाठ एका आचळाला होती, तिच्या मागून, आईच्या मागच्या पायांमधून, बोकडाला आत सारले. कबरीला मान वळवता येत नव्हती. त्याने पाच-सहा घोट घेतले. कान सोडताच तिने त्याला हुंगले आणि शिंग मारले, पण हलके. वैशालीने ते हलकेच होते का, असे मला विचारले. मला तसे वाटले, असे मी सांगितले. तिने वहीत लिहिले नाही. वाटलेले ती लिहीत नाही.

त्यानंतरही अंधार पडेपर्यंत कबरी टेकडीकडे पाहून हाका मारत होती.

शुक्रवार, तांडा

धुरपताबाईंनी सकाळी ठरवले की आज कबरीने कळपाबरोबर जायचे. बांधून ठेवलेली शेळी काय करते त्यावरून काही कळत नाही. दिवसभर चरून, आचळे भरून ती घरी येईल, तेव्हा कोणी कान धरायचे नाहीत. घेतले तर घेतले. नाही घेतले तर पिल्लाला आणखी दोन दिवस बोळ्यावर ओढता येईल, त्यापुढे नाही. वैशालीने हे मान्य केले. काका कबरीला पुढे घालून गेले. वळणापर्यंत ती तीनदा थांबली.

तो दिवस लांब गेला. मी हरभऱ्याचे घाटे खाल्ले, तांड्याच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आलो. देवळाच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला कबरीचे विचारले. तोपर्यंत बातमी सगळीकडे गेली होती. बोकड पोत्यात होता. चार वाजता तो उठून उभा राहिला आणि तुऱ्हाट्यांच्या फटीत तोंड घालून थांबला.

वैशालीने आवाज टिपायचे यंत्र अंगणाच्या भिंतीवर ठेवले आणि चालू केले. कोणाच्याही गळ्यात काही नव्हते.

कळप वेळेवर आला. पिल्ले ओरडू लागली, आया पळत सुटल्या. कबरी पळणाऱ्यांत होती. ती ओरडली, कुडातून बोकड ओरडला, ती आणखी वेगाने आली. फाटक उघडले. पाठ आधी पोचली आणि डावीकडे लागली. बोकड उजवीकडून गेला. त्याने आचळ तोंडात घ्यायच्या आधी कबरीने मान वळवली आणि त्याच्या शेपटीच्या बुडाशी नाक नेले. गेल्या दोन दिवसांत याच्यानंतर शिंग आले होते. आज नाक तिथेच राहिले. चार सेकंद, फार तर पाच. मग तिने तोंड न उघडता घशातल्या घशात एक आवाज काढला. तो आवाज शेळी पिल्लू अगदी अंगाशी असतानाच काढते, हे वैशालीने मला नंतर सांगितले. कबरीने मागचे पाय फाकवले आणि उभी राहिली. बोकडाने कासेला दोन धक्के दिले. त्याचे शेपूट हलू लागले.

हिरामणकाका फाटकाशी काठी टेकून उभे होते. ते कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले, "दोन वेळा मागं पळाली आज टेकडीवरून. म्या अडवलं."

धुरपताबाई जमिनीवरच बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला विचारले, "लेह्यलं काय?"

"काय लिहू याडी?" वैशाली म्हणाली. "गोळीचा वास उडाला म्हणून तिने आपले जुने पिल्लू ओळखले, का बहिणीच्या वासाचे नवेच पिल्लू म्हणून घेतले, ते यावरून सांगता येत नाही."

"मायले तरी आधी कुठं कळते?"

माझ्यामुळे असेल किंवा काकांमुळे, त्या वऱ्हाडीतच बोलत होत्या. कबरीवरून त्यांनी नजर काढली नव्हती.

"तू होस्टेलातून पह्यल्यांदा दिवाळीले आली. त्याइनं उवा झाल्या म्हून केस कापेल. अंगाले साबनाचा वास. दारात उभी राहून याडी म्हने. आवाज तुहा. म्या म्हतलं, हे कोनाची पोट्टी उभी हाय."

वैशाली म्हणाली, हे तिने कधी सांगितले नव्हते.

"सांगाचं काय त्यात."

"मग कधी ओळखलेस?"

"वळखलं कायचं. जेवाले वाढलं. तू जेवली. मंग माही झाली."

बाकीची पिल्ले दूध पिऊन अंगणात उड्या मारू लागली होती. बोकड अजून लागलेला होता. वैशाली उठली आणि यंत्र बंद करायला भिंतीकडे गेली, तिथे तशीच उभी राहिली. धुरपताबाईंनी तिला हाक मारली नाही.

माणसांचे बोलणे आलेला भाग वैशाली आवाजाच्या नोंदीतून कापते, त्याचा तिच्या कामाला उपयोग नसतो. हा लेख लिहिण्याआधी एक तपशील पडताळायला मी तिला प्रयोगशाळेत फोन केला. पिल्लू आता कळपाबरोबर टेकडीवर जाते, असे तिने सांगितले. शुक्रवारच्या नोंदीचे मी विचारले. तो भाग तिने अजून कापलेला नाही.